एका हरत्या संघाचा शेवटचा हंगाम

यंदाच्या वार्षिकासाठीं खेळांवर कांहीं तरी लिहून द्या, असा संपादक-मंडळींचा निरोप आला तेव्हां त्यांची अपेक्षा उघड होती. आपल्या शाळेनें जिंकलेल्या ढाली व पेले, आणि ते जिंकून आणणारे वीर, यांची हकीकत आम्हीं सांगावी असें त्यांना वाटलें असावें. तशी हकीकत सांगण्यासारखी आहेहि. परंतु ती सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस आज सांगावीशी वाटते ती अशा एका संघाची गोष्ट, कीं जो आमच्या डोळ्यांदेखत हरत गेला आणि हरतां हरतां एके दिवशीं गांवच सोडून निघून गेला. त्या गोष्टींत आमच्या हातून घडलेली एक चूकहि आहे. ती लपवून ठेवण्याचें आतां वय राहिलें नाहीं.

बास्केटबॉल हा खेळ कोणाच्या अंगणांत आपोआप उगवलेला नाहीं. तो एका शिक्षकानें मुद्दाम रचलेला आहे. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें वाय्. एम्. सी. ए.च्या शिक्षण-शाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, आणि आंत कोंडलेले अठरा दांडगे विद्यार्थी! त्यांना गुंतवून ठेवण्यासाठीं नेस्मिथ यांनीं सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि फुटबॉलचा चेंडू पोरांच्या हातीं दिला. टोपलीला बूड होतें, त्यामुळें चेंडू आंत पडला कीं शिडी लावून तो काढावा लागे. पहिल्या सामन्यांत हा प्रसंग एकदांच आला. पुढें त्याच संस्थेनें मद्रासेस १९२० सालीं शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें. आमचे ड्रिल मास्तर तेथें शिकून आले होते. आम्ही विद्यार्थी असतांना शाळेच्या मागल्या अंगणांत दोन सागवानी खांब होते, आणि त्यांवर गांवच्या लोहारानें वळून दिलेलीं दोन लोखंडी कडीं. दोन्ही कडीं एका मापाचीं नव्हतीं. नाणेफेक जिंकणारा कर्णधार मोठें कडें मागून घेई, आणि मध्यंतरानंतर तेंच प्रतिपक्षाला द्यावें लागे. पुढें त्याच अंगणांत आम्हीं मुलांना हा खेळ शिकविला, आणि तोहि एकतीस वर्षें.

२००७ सालीं आम्ही नोकरींतून निवृत्त झालों, आणि त्याच वर्षीं दिवाळी उरकून अमेरिकेंत आमच्या धाकट्या बंधूंकडे पांच-सहा महिने राहावयास गेलों. त्यांचें घर सिएटल शहराजवळ आहे. अमेरिकेच्या नकाशांत वायव्येच्या अगदीं कोंपऱ्यांत, वॉशिंग्टन राज्य जेथें कॅनडाला टेकलें आहे, तेथें हें शहर सांपडतें. (राजधानीचें वॉशिंग्टन तें निराळें आणि देशाच्या दुसऱ्या टोंकाला, मुलांनीं भूगोलाच्या पेपरांत घोंटाळा करूं नये.) शहराच्या पूर्वेस एक मोठें सरोवर, त्यावर पाण्यांत तरंगणारा पूल, आणि पुलापलीकडे संगणकाच्या धंद्यांतील नोकरदारांची वस्ती. तींत मराठी घरें पुष्कळ. हिंवाळ्यांत तेथें आपल्या श्रावणासारखी झिमझिम चालते, पण श्रावणांतलें ऊन मधून पडत नाहीं. डिसेंबरांत तर दुपारचा चहा होतो न होतो तोंच दिवे लावावे लागतात.

बंधूंचा मुलगा तेव्हां अकरा वर्षांचा होता. विमानतळावरून घरीं येतांना गाडींतच त्यानें आम्हांस विचारलें, "काका, तुम्ही शाळेंत बास्केटबॉल शिकवीत होतां ना? मग आमचा संघ कां हरतो तें मला सांगा." त्याच्या मांडीवर एक वही होती. तींत त्यानें पट्टीनें ब्यायशीं ओळी आंखल्या होत्या. प्रत्येक संघास एका हंगामांत तितके सामने खेळावे लागतात. तारीख, प्रतिपक्षाचें नांव, गुण, आणि शेवटीं एका रकान्यांत जीत कीं हार. पहिल्या आठहि ओळींत हार होती. आमची भावजय पुढच्या बैठकीवरून म्हणाली, "भावोजी, घरीं गेल्यावर आधीं त्याच्या वहीला नमस्कार करा, मग देवाला."

तो संघ म्हणजे 'सिएटल सुपरसॉनिक्स'. लोक लाडानें नुसतें 'सॉनिक्स' म्हणत. १९६७ सालीं तो निघाला. सिएटल ही विमानांच्या कारखान्यांची नगरी. बोइंग कंपनी त्या सुमारास आवाजापेक्षां वेगानें जाणारें प्रवासी विमान बांधण्याच्या खटपटींत होती, त्यावरून हें नांव पडलें. सरकारी पैसा थांबल्यामुळें १९७१ सालीं ती योजना मोडली, आणि तें विमान आकाशांत कधीं गेलेंच नाहीं. संघ मात्र टिकला. १९७८ सालीं तो अंतिम फेरींत पोहोंचला आणि वॉशिंग्टन बुलेट्स या संघाकडून सातव्या सामन्यांत, तोहि घरच्या मैदानावर, ९९ विरुद्ध १०५ असा हरला. पुढच्याच वर्षीं, १ जून १९७९ रोजीं, त्याच बुलेट्सना त्यांच्या घरीं जाऊन ९७ विरुद्ध ९३ असें नमवून त्यानें अजिंक्यपद मिळविलें. लेनी विल्किन्स हे तेव्हां त्यांचे गुरु होते. १९९६ सालीं गॅरी पेटन आणि शॉन केंप या जोडीच्या जोरावर सॉनिक्स पुन्हां अंतिम फेरींत गेले. पण समोर मायकेल जॉर्डन यांचा शिकागो संघ, ज्यानें त्या हंगामांत ८२ पैकीं ७२ सामने जिंकले होते! चार विरुद्ध दोन असा निकाल लागला. बंधूंच्या शेजारीं एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ राहत. आपल्याकडील आजोबा बेचाळीस सालच्या गोष्टी सांगतांना जसे रंगून जातात, तसे ते १९७९ च्या विजयाविषयीं बोलतांना रंगून जात. अकरा वर्षांच्या मुलाच्या वांट्याला मात्र हा सारा वैभवाचा काळ ऐकीवच आला होता.

मग असा संघ इतका कां खालावला? २००४-०५ च्या हंगामांत त्यानें ५२ सामने जिंकले होते, आणि दोनच वर्षांनीं ३१. तेवढ्यावरहि थांबलें नाहीं. २००७ च्या जूनमध्यें संघाचा सर्वांत कसलेला नेमबाज रे ॲलन यास बोस्टनला पाठविण्यांत आलें. त्याच उन्हाळ्यांत रशार्ड लुइस ऑरलँडोला गेला. "पाठविण्यांत आलें म्हणजे काय? त्याला जावयाचें होतें काय?" असें आम्हीं बंधूंना विचारलें. ते हंसून म्हणाले, "दादा, इथें गडी बदलीच्या नोकरीवर असतात. तुम्ही समजा, शिक्षणखात्यासारखें." पण आपल्याकडे शिक्षकाची बदली झाली तर बदल्यांत दोन शिक्षक आणि पुढच्या वर्षीं पास होणारा एक विद्यार्थी मिळत नाहीं! तेथें तसेंच कांहींसें होतें. हंगामाच्या मध्यावर, फेब्रुवारींत, कर्ट थॉमस नांवाचा वयस्क व भरंवशाचा गडी सॅन अँटोनिओच्या संघास दिला गेला. त्या दिवशीं आमच्या पुतण्यानें वहीच्या पहिल्या पानावरील यादींतून त्याचें नांव रबरानें खोडलें. खोडण्याची त्याला सवय झाली होती, कागद त्या जागीं पातळ झाला होता.

उरले ते बहुतेक तरुण. त्यांत केव्हिन ड्युरँट नांवाचा एकोणीस वर्षांचा, सहा फूट नऊ इंच उंचीचा, वेळूसारखा सडपातळ मुलगा होता. महाविद्यालयांत एकच वर्ष काढून तो आलेला. त्याचा हात पाहिल्याबरोबर आम्ही ओळखलें, कीं ही वस्तु निराळी आहे. त्यानें त्या हंगामांत सामन्यामागें सरासरी २०.३ गुण केले आणि नवागतांत सर्वश्रेष्ठ हा मान मिळविला. पण एका हातानें टाळी वाजत नाहीं. तरुण संघाचा जो दोष असतो तोच यांचा: चेंडू आपल्याकडे असला कीं वाघ, आणि दुसऱ्याकडे गेला कीं प्रेक्षक. आपल्या नववीच्या मुलांना आम्ही ज्या कारणासाठीं रागावत असूं, अगदीं तेंच कारण आम्हांस कोट्यवधि डॉलर मिळविणाऱ्यांतहि दिसलें. पुतण्याच्या पहिल्या प्रश्नाचें हें उत्तर आम्हीं त्याला दिलें, तें त्याला पटलें, आणि सामना चालू असतांना तोहि आमच्याबरोबर "मागें फिरा, मागें फिरा!" असें मराठींत ओरडूं लागला.

या खेळाच्या व्यवस्थेंत एक चमत्कारिक नियम आहे, तो येथें सांगितला पाहिजे. जे संघ तळाशीं राहतात त्यांना पुढच्या उन्हाळ्यांत नव्या गड्यांची निवड आधीं करण्याची आशा अधिक असते. म्हणजे वर्गांत शेवटून पहिला आला त्याला पुढल्या वर्षीं उत्तम पुस्तक मिळण्याचा संभव जास्त. हेतु चांगला आहे. सबळ व दुर्बळ यांत फार अंतर पडूं नये. परंतु त्यामुळें शहाणीं माणसें असें म्हणूं लागतात, कीं यंदा हरलों तरी चालेल, किंबहुना बरेंच. वर्तमानपत्रांत हें वाचून आमचा जीव उबगला. हिशेब ठेवणाऱ्या मोठ्यांना हरणें परवडत असेल. पण त्या वहींत 'पुढच्या वर्षीं चांगला गडी मिळेल' असा रकाना नव्हता.

१६ मार्च २००८ रोजीं डेन्व्हर येथें सामना झाला. आम्ही तिघे घरीं बसून पाहत होतों. प्रतिपक्षाचे गुण शंभरावर गेले, सव्वाशेंवर गेले, दीडशेंवर गेले. बंधु म्हणाले, "पुरे आतां, बंद कर तें." पोरगा म्हणाला, "बाबा, ओळ भरायची आहे." शेवटचा आंकडा ११६ विरुद्ध १६८ असा होता, म्हणजे बावन्न गुणांनीं हार. त्यानें तो सावकाश, चांगल्या अक्षरांत लिहिला, आणि आम्हांकडे वळून म्हणाला, "काका, एकशें अडुसष्ट मी या वहींत कधीं लिहिलेच नव्हते." त्याच्या आवाजांत रडें नव्हतें, एखाद्या दुर्मिळ पक्ष्याची नोंद करावी तसा तो म्हणाला. त्या क्षणीं त्या संघाविषयीं आम्हांस प्रथमच मनापासून वाईट वाटलें.

परंतु हरणें हें त्या वर्षींचें खरें दुःख नव्हतें. खरें दुःख हें, कीं संघ शहरांत राहतो कीं जातो याचीच शाश्वती नव्हती. हकीकत अशी. सिएटलच्या कॉफीच्या प्रसिद्ध धंद्याचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ व त्यांचे भागीदार यांनीं २००१ सालीं संघ विकत घेतला होता. संघ जेथें खेळे तें 'की अरीना' हें सभागृह मूळ १९६२ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठीं बांधलेलें, मालकीनें नगरपालिकेचें. नव्वदाच्या दशकांत तें दुरुस्त केलें होतें, तरी मालकांना तें अपुरें वाटे व भाड्याच्या अटी जाचक वाटत. सार्वजनिक पैशानें तें वाढवून द्यावें ही त्यांची मागणी मान्य झाली नाहीं. २००६ च्या जुलैमध्यें त्यांनीं संघ ऑक्लाहोमा शहरांतील क्ले बेनेट व मंडळींस ३५ कोटि डॉलरांना विकण्याचें ठरविलें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत सिएटलच्या मतदारांनीं, चारांत जवळजवळ तिघांनीं, असा ठराव केला, कीं धंदेवाईक खेळाच्या संघांवर नगरपालिकेनें पैसा घालावयाचा तर तिला योग्य परतावा मिळालाच पाहिजे. पुढें नव्या मालकांनीं जवळच्या रेंटन गांवीं सुमारें ५० कोटि डॉलरांचें नवें सभागृह मागितलें. राज्याच्या विधिमंडळानें त्यास पैसा दिला नाहीं. आणि २००७ चा हंगाम सुरू होऊन दोनच दिवस झाले असतां मालकांनीं संघटनेस कळविलें, कीं आम्ही संघ ऑक्लाहोमास नेऊं इच्छितों. भाडेपट्टा २०१० पर्यंतचा होता. त्यावरून नगरपालिका न्यायालयांत गेली.

याविषयीं आमचें मत विचाराल तर मतदारांचें आम्हांस चुकीचें वाटलें नाहीं, आजहि वाटत नाहीं. जेथें शाळांना आणि रस्त्यांना पैसा हवा तेथें धनिकांच्या मालमत्तेसाठीं करदात्यानें खिसा कां रिकामा करावा? बंधूंचेंहि हेंच मत होतें. पण मत बरोबर असून माणूस हरतो, हें मुलांना समजावणें कठीण. एके संध्याकाळीं वर्तमानपत्र आमच्या हातांत असतां पुतण्या जवळ येऊन बसला आणि विचारता झाला, "काका, संघ कोणाचा असतो?"

आम्ही वाचण्यांत गुंग होतों. वर न पाहतांच आम्हीं म्हटलें, "ज्यानें पैसे मोजले त्याचा. यांत विचारण्यासारखें काय आहे?"

तो कांहीं बोलला नाहीं. वही उचलून आपल्या खोलींत गेला. नंतर दोन दिवस त्यानें आम्हांस खेळाविषयीं एकहि प्रश्न विचारला नाहीं, जेवतांना "काका, भात वाढूं?" एवढेंच. तिसऱ्या रात्रीं आम्हांस झोंप येईना. एकतीस वर्षें आम्ही शाळेंत मुलांचे संघ घेऊन गांवोगांव फिरलों. रात्रीं पॅसेंजर गाडींत हरून परत येतांना रडणाऱ्या मुलांना आम्हीं काय सांगितलें होतें? शाळा विश्वस्तांची आहे, तुम्हांला रडण्याचें कारण नाहीं, असें? तसें सांगितलें असतें तर दुसऱ्या दिवशीं मैदानावर कोण आलें असतें? आमचें उत्तर कायद्यानें खरें होतें. तें दुसऱ्या कोणीं दिलें असतें तर त्या मुलानें ऐकून सोडून दिलें असतें. पण तो विचारावयास आला होता आपल्या काकाकडे, आणि तोहि शिक्षक असलेल्या काकाकडे. सकाळीं आम्हीं त्याला म्हटलें, "परवां मी घाईनें बोललों. त्या प्रश्नाचें उत्तर मला नीट येत नाहीं." तो म्हणाला, "बाबांनाहि येत नाहीं." आणि वही घेऊन आमच्याजवळ बसला. एवढ्यावर समेट झाला, परंतु तो प्रश्न तेथेंच राहिला.

१३ एप्रिल २००८, रविवार. घरच्या मैदानावरचा त्या हंगामांतील अखेरचा सामना, डल्लसच्या बलाढ्य संघाशीं. बंधूंनीं चार तिकिटें काढलीं होतीं. शहराच्या मध्यभागांतून एका रुळावर चालणारी छोटी गाडी जाते, तीहि १९६२ च्या प्रदर्शनाचीच. तींतून आम्ही उतरलों तों जिकडे तिकडे हिरव्या-पिवळ्या रंगाचे सदरे. हा अखेरचा सामना आहे असें अधिकारानें कोणींच म्हटलें नव्हतें, त्यामुळें निरोपाचीं भाषणें नाहींत, हार-तुरे नाहींत, कांहीं नाहीं. लग्नघरासारखी गर्दी आणि प्रेतयात्रेसारखे चेहरे, असा तो विचित्र प्रकार होता. सामना चालू असतां लोक मधूनच "आमचे सॉनिक्स वाचवा" असा घोष करीत. सबंध वर्ष हरलेला तो संघ त्या दिवशीं मात्र अटीतटीनें खेळला आणि ९९ विरुद्ध ९५ असा जिंकला. ड्युरँटनें दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना ओरडण्यास खुणावलें, तेव्हां जो आवाज उठला तो आम्ही विसरणार नाहीं. सामना संपल्यावरहि माणसें जागा सोडीनात. आमच्या पुढच्या रांगेंत एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या होत्या. आमच्या पुतण्यानें गुडघ्यावर वही ठेवून ओळ भरली आणि 'जीत' हा शब्द मराठींत लिहिला. एरवीं तो इंग्रजींत लिहीत असे.

१६ तारखेस कॅलिफोर्नियांत शेवटचा सामना झाला, तोहि जिंकला. ड्युरँटनें एकट्यानें ४२ गुण केले. एकूण बेरीज २० जीत, ६२ हार. संघाच्या एकेचाळीस वर्षांत इतका वाईट हंगाम दुसरा नव्हता. दोनच दिवसांनीं, १८ एप्रिलला, संघटनेच्या तीस मालकांनीं मतें दिलीं: संघ हलवावा या बाजूस २८, विरुद्ध २. ते दोन संघ म्हणजे डल्लस आणि पोर्टलंड. त्या रात्रीं पुतण्याच्या खोलींत दिवा दिसला म्हणून आम्ही डोकावलों. तो पट्टी घेऊन वहींत नव्या ओळी आंखीत होता. वर शीर्षक घातलें होतें: २००८-०९. आम्हीं त्याला कांहीं म्हटलें नाहीं. आल्या पावलीं परत फिरलों, आणि मे महिन्याच्या आरंभीं आम्ही हिंदुस्थानांत परतलों.

२ जुलैला फोन आला. ज्या दिवशीं न्यायालयाचा निकाल लागावयाचा त्याच दिवशीं तडजोड झाली होती. मालकांनीं नगरपालिकेस ४ कोटि ५० लक्ष डॉलर देऊन भाडेपट्ट्यांतून सुटका करून घेतली; संघ ऑक्लाहोमास गेला; 'सॉनिक्स' हें नांव व तो हिरवा-पिवळा रंग मात्र तिकडे वापरावयाचा नाहीं असें ठरलें. पुतण्या म्हणाला, "काका, नांव इथेंच राहिलें आहे. खेळणारे गेले." सहाच दिवस आधीं, २६ जूनला, सिएटलच्या नांवानें रसेल वेस्टब्रुक नांवाचा तरुण गडी निवडला गेला होता. सबंध वर्ष हरल्याचें तें बक्षीस. पण तो सिएटलचा सदरा घालून एकदांहि सामना खेळला नाहीं. पुढें २०१४ सालीं ड्युरँट व २०१७ सालीं वेस्टब्रुक असे दोघेहि संघटनेंतील सर्वश्रेष्ठ गडी ठरले. पेरलें एका शेतांत आणि कापलें दुसऱ्या. आणि ज्या रे ॲलनला सिएटलनें जाऊं दिलें, त्यानें त्याच जूनमध्यें बोस्टनसाठीं अजिंक्यपद जिंकलें. बोस्टनचा तो संघ आदल्या वर्षीं केवळ २४ सामने जिंकलेला होता, तो एकदम ६६ वर गेला.

ऑक्लाहोमाच्या लोकांवर आमचा राग नाहीं. २००५ सालीं कतरीना वादळानें न्यू ऑर्लीन्स शहर बुडालें, तेव्हां तेथल्या संघास या लोकांनीं दोन हंगाम आसरा दिला होता, आणि मनापासून टाळ्या दिल्या होत्या. आपला असा एक संघ असावा हें त्यांच्या मनांत तेव्हांच भरलें असावें. नव्या 'थंडर' संघानें पहिल्या वर्षीं ५९ सामने हरूनहि त्यांनीं त्याला टाकलें नाहीं.

सिएटलमध्येंहि सारेंच गेलें असें नव्हे. स्त्रियांचा 'स्टॉर्म' नांवाचा संघ त्याच मालकांकडे होता. तो २००८ सालीं सिएटलच्याच चार स्त्रियांनीं विकत घेऊन शहरांत ठेवला. आमची भावजय मुलाला त्यांचे सामने दाखवूं लागली, आणि या संघानें २०१०, २०१८ व २०२० सालीं अजिंक्यपद आणलें. भावजय अजून म्हणते, "भावोजी, पुरुषांनीं घालविलें तें बायकांनीं सांभाळलें." यावर बंधु वाद घालीत नाहींत.

२०१३ सालीं एक प्रसंग आला. सिएटलच्या कांहीं धनिकांनीं सॅक्रामेंटो शहराचा संघ विकत घेऊन इकडे आणण्याचा घाट घातला. पुतण्या तेव्हां सतरा वर्षांचा होत आला होता. फोनवर तो फार उत्साहांत होता. मे महिन्यांत मालकांनीं २२ विरुद्ध ८ मतांनीं तो बेत नामंजूर केला. आम्हीं सांत्वनासाठीं फोन केला तर तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "काका, मला तो संघ हवा होता. तिथेंहि कोणी तरी वही ठेवीत असेल हें मला ठाऊक होतें, तरी हवा होता. त्याची लाज वाटते आहे." आम्हीं मनांत म्हटलें, या मुलाला आतां आमच्या उत्तराची गरज उरली नाहीं.

२०१८ च्या ऑक्टोबरांत ड्युरँट आपल्या नव्या संघाबरोबर त्याच जुन्या सभागृहांत एका सरावाच्या सामन्यासाठीं आला, आणि ओळख करून देतांना शॉन केंपचा जुना सॉनिक्सचा सदरा घालून पुढें झाला. पुतण्या तेथें होता; घसा बसेपर्यंत ओरडल्याचें त्यानें दुसऱ्या दिवशीं बसलेल्या घशानेंच सांगितलें. नंतर तें सभागृह जुनें छप्पर तसेंच ठेवून आंतून नवें बांधलें गेलें व २०२१ सालीं उघडलें. ज्यासाठीं पूर्वीं पैसा नव्हता तें काम झालें, पण तें बर्फावरच्या हॉकीच्या संघासाठीं. २०२५ च्या अखेरीपर्यंत तरी सॉनिक्स परत आलेले नव्हते. त्याच वर्षींच्या जूनमध्यें ऑक्लाहोमाच्या संघानें सातव्या सामन्यांत इंडियानाला हरवून अजिंक्यपद जिंकलें. आम्हीं पुतण्याला विचारलें, सामना पाहिलास का? तो म्हणाला, "पाहिला. आवाज बंद करून."

ती वही आतां आमच्याकडे आहे. एका खेपेस तो इकडे आला असतां शाळेच्या मैदानावर संध्याकाळचा आमच्याबरोबर आला होता. लोहारानें वळलेलीं कडीं कधींच गेलीं. आतांचीं बाजारचीं आहेत, त्यांना जाळी नाहीं. मुलांचा खेळ त्यानें उभ्यानें पाहिला, आणि "मागें फिरा, मागें फिरा!" असें ओरडला, तेव्हां मुलें चकित होऊन बघूं लागलीं. जातांना त्यानें वही आमच्या टेबलावर ठेवली. २००८-०९ हें शीर्षक त्यानें तसेंच ठेवलें आहे, फक्त खालीं आपल्या शाळेचें नांव लिहिलें आहे. पहिल्या ओळींत आम्हीं यंदाच्या संघाचा पहिला सामना नोंदला: २१ विरुद्ध ३८, हार. कर्णधारानें ओळ पाहिली, आणि पुढच्या सामन्याची तारीख आपल्या हातानें खालीं घातली.